बांध आपला, तर हिशेबही आपला



पोपटीचे दिवस सरत आले. वालाच्या शेंगा वेलावर वाळू लागल्या आहेत आणि अलिबागकडच्या आयाबहिणी लवकरच पांढऱ्या कांद्याच्या माळा विणायला बसतील. याच सुमारास आपल्या खारेपाटात आणखी एक हंगाम सुरू होतो. त्याला पंचांगात जागा नाही. तो म्हणजे बिलांचा हंगाम. ३१ मार्च जवळ आला की वर्षभर निवांत असलेले डंपर एकाएकी जागे होतात. कुठे बांधावर माती पडते, कुठे उघाडीला नवी झडप बसते, कुठे मोरीवर सिमेंटचा हात फिरतो. जूनच्या आत काम पुरे आणि मार्चच्या आत पैसे पुरे, अशी ही घाई असते.

नेमके याच वेळी एका बहिणीचे पत्र आले आहे. नाव-गाव छापू नका असे तिने बजावले आहे, म्हणून छापत नाही. ती लिहिते, "भाऊ, आमच्या बांधाचे काम चालू आहे. लांबून माती आणायची सोडून बांधाच्या पायथ्याचीच खणून वर टाकतात. आमचे यजमान म्हणतात, तू गप्प बस. काम घेणारा माझ्या जावेचा भाऊ आहे. गप्प बसले तर भरती शेतात येते, बोलले तर भरती घरात येते. सांगायचे तर कुणाला, आणि सांगितल्यावर आमचे काय?"

खते आणि बियाण्यांच्या प्रश्नांना मी चटकन उत्तर देतो. या पत्राला मात्र मला आठ दिवस लागले. कारण हाच प्रश्न पंचवीसएक वर्षांपूर्वी माझ्यापुढे आला होता, आणि तेव्हा मी चुकलो होतो. आधी ती चूक सांगतो, मग उत्तर.

मी नोकरीला नवा होतो. खारेपाटातल्या एका गावी भाताच्या नव्या वाणाचे प्रात्यक्षिक घ्यायला जात असे. त्या गावच्या बांधाला आदल्या पावसाळ्यात खांड पडली होती आणि ती बुजवण्याचे काम एका कंत्राटदाराला मिळाले होते. काम कोणत्या खात्याचे, कंत्राटदार कोण, हे सांगत नाही. आता त्यात कुणाचा फायदा नाही. एके दिवशी एक म्हातारे शेतकरी माझी सायकल धरून म्हणाले, "साहेब, यो बांध टिकाचा नाय. चला, तुमाला दाखवतो." ते मला बांधावर नेतील असे वाटले होते. त्यांनी नेले स्वतःच्या घरी. घर रस्त्याला लागून. ओटीच्या भिंतीवर कोळशाच्या रेघा ओढलेल्या होत्या, पाच-पाचच्या जुड्या करून. त्यांची सून जेमतेम चौथी शिकलेली. मातीचा डंपर दारावरून गेला की ती एक रेघ मारीत असे. काम संपले तेव्हा रेघा झाल्या एक्केचाळीस.

खांड होती सुमारे ५० मीटर लांबीची. बांधाचा माथा २ मीटर, पाया ८ मीटर आणि उंची २ मीटर धरा. माथा आणि पाया यांची बेरीज १०, तिचे निम्मे ५, गुणिले उंची २, म्हणजे १० चौरस मीटरचा छेद. त्याला ५० मीटर लांबीने गुणले की ५०० घनमीटर माती होते. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, सुमारे २.८३ घनमीटर. म्हणजे जवळजवळ १७७ ब्रास. दोन ब्रासच्या डंपरने ही माती आणायची तर ८८ खेपा हव्यात. शिवाय डंपरातली माती भुसभुशीत असते, पाणी मारून दाबली की बसते, म्हणून शंभरावर खेपा झाल्याच पाहिजेत. भिंतीवर होत्या एक्केचाळीस. बाकीची माती आली कुठून? बांधाच्या पायथ्याशी चर खणून. ज्या पायावर बांध उभा राहायचा तोच पाया खणून बांधाच्या डोक्यावर ठेवला होता.

हा हिशेब मी तिथेच ओटीवर बसून मनात केला. मला सगळे समजले. आणि मी त्या आजोबांना काय म्हणालो ठाऊक आहे? म्हणालो, "आजोबा, हे माझ्या खात्याचे काम नाही." सुनेने आणून दिलेला चहा प्यायलो आणि सायकलवर बसून निघून आलो.

श्रावणातल्या उधाणाला वारा होता. बांध त्याच जागी फुटला. खारे पाणी पोटरीत येऊ घातलेल्या भातात दोन दिवस उभे राहिले. पुढल्या वर्षी मी गेलो तेव्हा त्या शेतात पांढरा थर होता आणि कडेने तिवराची रोपे डोके काढीत होती. भिंतीवरच्या रेघा पुसून गेल्या होत्या; दिवाळीला चुना दिला होता. आजोबा मला वाईटवकटे काही बोलले नाहीत. फक्त म्हणाले, "साहेब, तुमी तरी काय करणार?" ते वाक्य मला अजून बोचते. कारण मी काहीतरी करू शकलो असतो. एका कागदावर तो हिशेब लिहून, खाली सही करून, वरच्या साहेबाकडे पाठवू शकलो असतो. त्याने कचऱ्यात टाकला असता तरी टाकला असता.

आता आपल्याकडे बांध फुटणे म्हणजे काय, हे तुम्हाला मी सांगायला नको. डोंगराकडच्या गावात रस्ता वाईट झाला तर खड्डे पडतात. खारेपाटात बांध वाईट झाला तर जमीन जाते. पावसाने मीठ धुऊन निघते खरे, पण त्याला एक-दोन हंगाम जातात. आणि खांड बुजलीच नाही तर मीठ निघायचे दूरच, दर उधाणाला नवे येते. मग भाताच्या जागी तिवर येते. २००५ सालापासून उच्च न्यायालयाच्या आदेशाने कांदळवन तोडायला बंदी आहे आणि ती योग्यच आहे, कारण बांधाबाहेरचे कांदळ हीच बांधाची ढाल. पण तेच तिवर बांधाच्या आत आपल्या सातबाऱ्यावर उगवले की शेत नावावर राहते आणि हातून जाते. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने पनवेल-३ सारखी खारे सोसणारी भाताची वाणे दिली आहेत. ती मी गावोगाव पोचवली. पण खारे सोसणारे भात असले तरी समुद्र सोसणारे भात अजून कुणी काढलेले नाही.

म्हणून ज्याला तुम्ही कंत्राटातली खाबूगिरी म्हणता, ती आपल्यासाठी नुसती सरकारी पैशाची चोरी नाही. चोरी सरकारच्या तिजोरीत होते, पण तिचा भुर्दंड आपल्या शेतात पडतो.

तुम्ही म्हणाल, साहेब, मोठमोठी माणसे बोलून थकली, तिथे आमचा काय पाड? तर मोठ्या माणसांचेच उदाहरण घेऊ.

आपल्या राज्याच्या जलसंपदा खात्यात विजय पांढरे नावाचे मुख्य अभियंता होते. नोकरीत असतानाच त्यांनी २०१२ साली राज्यपाल आणि मुख्यमंत्री यांना सविस्तर पत्र लिहिले. धरणांच्या कामांचे अंदाज फुगवले जातात, कामाचा दर्जा हलका आहे, उपसा योजनांवर पैसा वाया गेला आहे, असे त्यांचे म्हणणे होते. त्याच वर्षीच्या राज्याच्या आर्थिक पाहणीतून एक आकडा पुढे आला होता, की दहा वर्षांत सत्तर हजार कोटी रुपयांच्या घरात खर्च होऊनही ओलिताखालचे क्षेत्र ०.१ टक्क्याने वाढले. सरकारने त्यावर श्वेतपत्रिका काढली आणि वाढ पाच टक्क्यांहून जास्त असल्याचे सांगितले. मग ज्येष्ठ जलतज्ज्ञ डॉ. माधवराव चितळे यांची समिती नेमली. समितीचा अहवाल २०१४ साली आला आणि त्यात अनेक अनियमितता नोंदल्या गेल्या. राजकारणात जे व्हायचे ते झाले, ते तुम्ही वर्तमानपत्रांतून वाचले आहे. पांढरे साहेबांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली.

ही गोष्ट नाशिक-विदर्भाची वाटेल, पण तिचा एक फाटा आपल्या रायगडात आहे. कर्जत तालुक्यात उल्हास नदीवरचे कोंढाणे आणि पेण तालुक्यातले बाळगंगा ही दोन्ही धरणे कोकण पाटबंधारे विकास महामंडळाने हाती घेतली होती. कोंढाण्याचे शंभर कोटींच्या आतले काम सहाशे कोटींच्या वर गेले. हे बाहेर आले ते अंजली दमानिया यांनी माहितीच्या अधिकारात कागद मिळवल्यामुळे; पुढे त्या उच्च न्यायालयातही गेल्या. बाळगंगेच्या कामाबद्दल ठाण्याच्या लाचलुचपत प्रतिबंधक विभागाने २०१५ साली गुन्हा नोंदवला. स्पर्धा दाखवण्यासाठी एकाच घरातल्या कंपन्यांनी निविदा भरल्या, हा त्यातला एक आरोप. दोष कुणाचा हे ठरवणे न्यायालयाचे काम, तुमचे-माझे नाही. पण एक गोष्ट कुणालाही दिसते. कागदावरचे धरण वाढत गेले आणि धरणाखाली जाणाऱ्या वाड्या पुनर्वसनाची वाट पाहत वर्षानुवर्षे बसून राहिल्या.

आता या गोष्टींकडे नीट पाहा. पांढरे साहेबांनी केले काय? कुणाची कॉलर धरली नाही, मोर्चा नेला नाही. जे काम त्यांना कळत होते त्याबद्दल जे दिसले ते लिहिले आणि खाली सही केली. कोंढाण्याचे काय झाले? कुणीतरी कागद मागितला. म्हणजे दोन्हीकडे हत्यार एकच होते. माहीत असलेली गोष्ट आणि लेखी कागद. आणि खारेपाटातल्या बांधाबद्दल सगळ्यांत जास्त माहिती कुणाला? मुंबईच्या साहेबाला नाही. जिच्या दारावरून डंपर जातो तिला.

पण दुसरी बाजू लपवून ठेवणे मला पटत नाही. बिहारात गयेला सत्येंद्र दुबे नावाचा तरुण अभियंता होता. राष्ट्रीय महामार्गाच्या कामातले गैरव्यवहार त्याने थेट पंतप्रधानांच्या कार्यालयाला कळवले आणि माझे नाव गुप्त ठेवा अशी विनंती केली. नाव गुप्त राहिले नाही. २७ नोव्हेंबर २००३ रोजी त्याचा खून झाला. आपल्या जवळचे तळेगाव दाभाडे घ्या. तिथल्या जमीनव्यवहारांची माहिती काढणाऱ्या सतीश शेट्टींचा २०१० च्या जानेवारीत खून झाला. दुबेच्या खुनानंतर देशभर हळहळ झाली. अशा माणसांना संरक्षण देणारा कायदा संसदेने २०१४ साली केलाही, पण तो अमलात आणणारी अधिसूचना वर्षानुवर्षे निघाली नाही. कायद्याची छत्री अशी कपाटातच राहिली.

या दोघांच्या गोष्टीतून मी एकच धडा घेतो. ते बोलले म्हणून संकटात आले असे नाही, ते एकटे बोलले म्हणून आले. शंभर सह्यांच्या कागदाला कोण कुठे मारणार?

हे शहाणपण आपल्या किनाऱ्याला नवे नाही. अलिबाग तालुक्यातल्या चरीचा संप तुमच्या आज्या-पणज्यांनी पाहिला. १९३३ ते १९३९, जवळजवळ सहा वर्षे, खोतांच्या जाचाविरुद्ध कुळांनी जमिनी कसल्याच नाहीत. नारायण नागू पाटील पुढे होते, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पाठिंबा होता. पण त्या संपाचे बळ पुढाऱ्यात नव्हते. अमुक एकाने संप केला असे खोताला म्हणताच येत नव्हते, यात ते होते. पंचवीस गावे एका बाजूला होती. बांधांचीही तीच रीत. शिलोत्रीचे बांध आपल्या वाडवडिलांनी घरटी एक माणूस काढून राखले. भरती चढली की रात्रीबेरात्री टोपले घेऊन सगळे गाव बांधावर. पुढे सरकारने ही जबाबदारी घेतली, १९४८ साली आणि पुन्हा १९७९ साली खारभूमीचे कायदे झाले. ते चांगलेच झाले. पण काम सरकारकडे गेले आणि आपण नजरही काढून घेतली. टोपले खाली ठेवले ते ठीक, डोळे कशाला मिटायचे?

तर बहिणी, आता तुझ्या प्रश्नाकडे येतो. सांगायचे कुणाला आणि कसे? मी पायरीपायरीने सांगतो.

पहिली पायरी, आरोप करू नकोस, मोज. जावेच्या भावाला चोर म्हणायची काही गरज नाही. तो चोर आहे की नाही हे तुला ठाऊक नाही, मलाही नाही. कदाचित वरूनच त्याला माती लांबून आणायचे पैसे पुरेसे मिळत नसतील. तुला ठाऊक आहे ते इतकेच, की अमुक तारखेला इतके डंपर आले आणि माती पायथ्याची खणली. वहीत तारीख घालून ते लिही. घरातल्या पोराच्या मोबाइलवर फोटो काढून ठेव, बांधाची ओळखू येईल अशी खूण फोटोत घे, जसे उघाडी, विजेचा खांब, देऊळ. भिंतीवर लिहू नकोस. भिंतीला चुना लागतो.

दुसरी पायरी, कागद माग. कामाचे अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश आणि मोजमाप पुस्तक, हे तीन कागद. अंदाजपत्रकात किती माती, किती दगड आणि माती किती अंतरावरून आणायची ते लिहिलेले असते. या अंतराला आमच्या भाषेत लीड म्हणतात. पायथ्याची माती टाकून तीन किलोमीटरचे लीड लावले, तर न झालेल्या वाहतुकीचे पैसे निघतात. मोजमाप पुस्तकात ओव्हरसियरने प्रत्यक्ष मोजून लिहायचे असते आणि त्यावरूनच बिल निघते. म्हणून खरी गोष्ट त्या पुस्तकात सापडते. माहितीचा अधिकार कायदा २००५ सालापासून आहे. जोडपत्र 'अ' नमुन्यात अर्ज लिहायचा, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला तोही लागत नाही. एका अर्जात एकच विषय आणि मजकूर दीडशे शब्दांच्या आत. तीस दिवसांत उत्तर मिळाले पाहिजे. नाही मिळाले तर त्याच कार्यालयातल्या वरिष्ठांकडे पहिले अपील आणि त्यानेही भागले नाही तर राज्य माहिती आयोगाकडे दुसरे. पुष्कळांना ठाऊक नसते, पण याच कायद्याच्या दुसऱ्या कलमात चालू कामाची पाहणी करण्याचा आणि वापरलेल्या मालाचा प्रमाणित नमुना घेण्याचा हक्कही दिलेला आहे. म्हणजे ती माती आणि तो दगड हक्काने पाहता येतो.

तिसरी पायरी, ती सगळ्यांत मोठी आहे. एकटीने अर्ज करू नकोस. बचत गटातल्या दहा जणींना घे, बांधाखाली ज्यांची शेते आहेत त्या सगळ्या घरांची एकेक सही घे. १ मेची ग्रामसभा समोर आहे. तिथे ठराव मांडा. ठरावात कुणाचे नाव नको, इतकेच म्हणा की बांधाचे मोजमाप ग्रामस्थांसमक्ष व्हावे आणि तोवर अंतिम बिल देऊ नये. मेपर्यंत बिल निघेल अशी भीती असेल तर आजच सरपंचाला आणि संबंधित उपअभियंत्याला सह्यांचा अर्ज द्या. आवक शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय कार्यालयाची पायरी उतरू नका. काम आधीच पुरे झाले असले तरी हातपाय गाळू नका. करारात बहुधा दोषदायित्वाचा काळ असतो. त्या काळात काम बिघडले तर कंत्राटदाराने ते स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करायचे असते आणि त्याची अनामत तोवर सरकारकडे असते. तो काळ कधी संपतो, हेही अर्जात विचारा.

चौथी पायरी, कुणी पैसे मागितले किंवा देऊ केले तर मात्र ते गावात मिटवू नका. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा बिनपैशाचा दूरध्वनी त्यासाठीच आहे.

आता तुम्ही म्हणाल, अर्जाने काय होते? एक अनुभव सांगतो. चार-पाच वर्षांमागे एका गावच्या बायांनी असाच अर्ज केला. उघाडीच्या झडपा अंदाजपत्रकात दिल्या त्यापेक्षा पातळ फळ्यांच्या होत्या. त्यांनी फळीची जाडी पट्टीने मोजून लिहिली होती. झडपा बदलल्या गेल्या. दगडी पिचिंगचे जे म्हणणे होते त्याचे मात्र काही झाले नाही, हेही सांगतो. पण पुढे त्या कामावरचा तरुण अभियंता मला एसटी स्टँडवर भेटला. म्हणाला, "सर, मला दिसत होते हो. पण एकट्याने बिल कापले असते तर माझी बदली झाली असती. त्या बायांचा कागद फाइलला लागला म्हणून मला कापता आले."

हे वाक्य विसरू नका. सरकारी कचेरीत सगळेच लांडगे नसतात. पुष्कळ माणसे माझ्यासारखी असतात. दिसते त्यांना, पण धीर होत नाही. तुमचा कागद हा अशा माणसाच्या पाठीचा कणा असतो. आणि तुमच्यापैकी कुणाचा मुलगा आज ओव्हरसियर असेल, कुणाची मुलगी ग्रामसेवक असेल. ती घरी येऊन जेवताना गप्प राहत असेल, तर तिला विचारा. "नोकरी सांभाळ" एवढेच सांगू नका. "जे मोजलेस तेच लिही, पुढचे आपण मिळून पाहू" असेही सांगा. दुसरे वाक्य सांगणारे आईबाप असते तर मीही त्या दिवशी कदाचित कागद लिहिला असता.

शेवटी दोन कडू गोष्टी. माहितीच्या अधिकाराचा अर्ज करायचा आणि पाकीट मिळाले की मागे घ्यायचा, असा धंदा करणारेही काही निघाले आहेत. त्यांच्यामुळे खऱ्या तक्रारीची किंमत जाते. तो मार्ग नको. आणि भाऊबंदकीचे जुने वैर काढायला बांधाचे निमित्त करू नका. तुमचा मोजमापाचा आकडा उद्या दुसऱ्याने तपासला तरी तोच निघाला पाहिजे. तक्रार करणाऱ्याचीही झडती होते. आपले कागद, आपली वही, आपली वागणूक आधी चोख हवी.

बहिणी, तुझी जाऊ रुसेल. काही दिवस पाणवठ्यावर बोलणार नाही. ते दुःख मी कमी लेखत नाही. खेड्यात माणसे तोडून जगता येत नाही. म्हणून अर्ज देण्याआधी एकदा तिच्या घरी जा. तिला वही दाखव आणि सांग, "वहिनी, तुझे शेतही याच बांधाखाली आहे." तिच्या भावाला आधी सांगून पाहा. चूक सुधारायला वाट असेल तर ती त्याला आधी मिळू दे. नाही ऐकले, तर अर्जावर पहिली सही माझी असू दे असे तीच म्हणेल, असे मी म्हणत नाही. पण आपण पाठीत वार केला नाही, हे तिला कधीतरी उमजेल. भरती मात्र नाते बघत नाही. ती तुझ्या शेतात येते तशी तिच्याही शेतात येते.

गेल्या वर्षी मी त्या जुन्या गावी गेलो होतो. आजोबा आता नाहीत. त्यांची सून आता स्वतः आजी झाली आहे. मी तिला त्या रेघांची आठवण काढून दिली आणि माफी मागितली. ती हसली. म्हणाली, "आवो, आता मी वहीत लिवतंय. नातीनी शिकवलं." आणि तिने खरोखरच वही दाखवली. बांधाच्या मागल्या वर्षीच्या डागडुजीची, तारीखवार.

मी निवृत्त व्हायच्या आत निदान एका बांधाच्या फाइलला माझ्या सहीचा कागद लागावा, एवढी माझी इच्छा आहे. तुमच्यापैकी कुणाची वही तयार असेल तर मला हाक मारा. या वेळी मी "माझे खाते नाही" म्हणणार नाही.

पुढच्या आठवड्यात साठवणीच्या वालाला लागणाऱ्या भुंग्याचा बंदोबस्त पाहू. तोवर वाल उन्हात चांगला खडखडीत वाळवून ठेवा.